न दाखवण्याचा हक्क

गेल्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी मला मस्कतहून फोन आला. पलीकडचा माणूस मूळचा आमच्या उलव्याजवळच्याच गावचा, तिकडे एका कंपनीत फोरमन. त्याचा मुलगा आमच्या नोडमधल्या चौदा वर्षांखालच्या फुटबॉल लीगमध्ये डावीकडून खेळतो. तिकडे रविवार कामाचा दिवस. पण आमची अडीचची मॅच म्हणजे त्यांची दुपारी एकची जेवणाची सुट्टी, त्यामुळे दीड वर्ष हा माणूस डबा समोर ठेवून मोबाइलवर पोराचा खेळ बघत आला होता. मैदानाच्या कडेला उभे राहून दुसऱ्या एका खेळाडूचे वडील फेसबुक लाइव्ह करायचे, तेच तो बघायचा. हलतं, धूसर चित्र, मधेच कुणाची तरी पाठ, आणि कॉमेंट्री म्हणजे 'अरे पास दे, पास दे'.

त्या दिवशी लाइव्ह मधेच बंद पडलं. स्थानिक यूट्यूब चॅनलवाल्याने तक्रार केली होती, की या स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क माझ्याकडे आहेत. तक्रार खरी होती. ती मॅच तो स्वतः दाखवत मात्र नव्हता.

"दादा, मॅच बंद करायला तुम्हीच सांगितलं का?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होता.

मी नाही म्हणालो. ते अर्धसत्य होतं. सांगितलं नव्हतं, पण लिहून दिलं होतं.

मी वकील आहे, पण कोर्टात उभा राहणारा नव्हे. करार वाचणं, करार लिहिणं, समोरच्याने लिहिलेल्या करारातली मेख शोधणं, हे माझं पोटापाण्याचं काम. त्यातली काही वर्षं मनोरंजन आणि क्रीडाक्षेत्रातल्या कागदांत गेली. म्हणून लीगच्या पोरांनी (पोरं म्हणतो, पण संयोजक तिशी-पस्तिशीतले आहेत) मला सांगितलं की चॅनलवाल्याशी तुम्हीच बोला. रायगड-ठाण्याच्या या पट्ट्यात टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा यूट्यूबवर हजारो लोक बघतात. तिथे दोन-चार कॅमेरे, स्कोअरबोर्ड, आगरी ढंगातली कॉमेंट्री, सगळा थाट असतो. फुटबॉलला मात्र कुणी विचारत नव्हतं. हा एक चॅनलवाला तयार झाला. एका मोसमाचे पस्तीस हजार म्हणाला. मी विचारलं, "आणि एक्सक्लुझिव्ह दिलं तर?" तो थोडा थांबला आणि म्हणाला, "साठ." तीन मोसमांचा करार झाला. त्या वरच्या पंचवीस हजारांतून आठही संघांच्या जर्सी आल्या. समितीने माझा नारळ देऊन सत्कार केला. मी तो घेतला.

पहिल्या मोसमात त्याने जवळजवळ सगळं दाखवलं. दुसऱ्यात फक्त उपांत्य आणि अंतिम सामने दाखवायचे ठरवलं, कारण साखळी सामन्यांना प्रेक्षक चाळीस-पन्नासच्या वर जात नव्हते आणि कॅमेऱ्याच्या पोराला दिवसाचा पगार द्यावा लागत होता. करारात त्याने काय दाखवलंच पाहिजे हे मी लिहिलं नव्हतं. दुसऱ्या कुणी काय दाखवायचं नाही ते मात्र व्यवस्थित, चार उपकलमांत लिहिलं होतं.

हा लेख त्या चार उपकलमांबद्दल आहे. मी त्या माणसावर अन्याय केला का? केला असेल तर तो नेमका कुठे झाला? कारण करार करणारे दोघेही राजी होते, फसवणूक नव्हती, किंमत वाजवी होती. अन्याय झाला असं म्हणायला नेहमीच्या हत्यारांतलं एकही लागू पडत नाही.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात देशाच्या फुटबॉलमध्येही हाच प्रश्न उभा होता, फक्त शून्यं जास्त होती. शुक्रवारी, ७ नोव्हेंबर २०२५ला, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या निविदेची मुदत संपली. इंडियन सुपर लीगचे व्यावसायिक हक्क पंधरा वर्षांसाठी द्यायचे होते. वर्षाला किमान साडेसदतीस कोटी किंवा एकूण उत्पन्नाच्या पाच टक्के, जे जास्त असेल ते महासंघाला मिळावं अशी अट होती. आलेल्या बोलींची संख्या शून्य.

इथवर गोष्ट कशी आली ते थोडक्यात सांगतो. २०१०च्या डिसेंबरात महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा करार केला, सातशे कोटींचा. भारतीय फुटबॉलचे प्रक्षेपण, प्रायोजकत्व, जाहिरात आणि नवी लीग काढण्याचा हक्क, सगळं त्यात आलं. त्याआधी झी स्पोर्ट्सशी दहा वर्षांचा करार होता, तो निम्म्यावरच मोडला होता, त्यामुळे महासंघाला ठरलेली रक्कम ठरलेल्या दिवशी देणारं कुणी तरी हवं होतं. नव्या करारातून २०१४मध्ये आयएसएल उभी राहिली. पहिली दोन वर्षं मुंबई सिटीचं घरचं मैदान आमच्या खाडीपलीकडे, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम होतं. मी दोनदा गेलो होतो. रणबीर कपूर दिसला की ओरडा होई, गोल झाल्यावर त्याहून थोडा कमी.

आता शब्दाकडे वळतो, कारण मराठीत या व्यवहाराला जुना शब्द आहे. मक्ता. ठरीव रकमेच्या बदल्यात वसुलीचा ठेका. सरकारला एवढे द्यायचे, बाकी काय उभं राहील ते आपलं. 'मक्तेदारी' हा शब्द आपण एकाधिकार म्हणून वापरतो, पण त्याच्या पोटात हा वसुलीचा ठेकाच आहे. आमच्या जिल्ह्यात, जुन्या कुलाब्यात, या व्यवस्थेचं सगळ्यांना ठाऊक असलेलं रूप म्हणजे खोत. सरकारी साऱ्याची हमी खोताने घ्यायची आणि कुळांकडून काय घ्यायचं ते खोताने बघायचं. प्रक्षेपण हक्कांच्या करारात आज ज्याला 'मिनिमम गॅरंटी' म्हणतात, ती कल्पना अलिबाग-पेणच्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागली नसती.

मक्त्याचं आकर्षण खोटं नाही. ज्याच्याकडे वसुलीची यंत्रणा नाही, जोखीम घ्यायची ताकद नाही, त्याला ठरलेला पैसा हातात पडणं मोलाचं वाटतं. महासंघाला वर्षाला साधारण पन्नास कोटी मिळत राहिले, त्यावर राष्ट्रीय संघांचे दौरे, वयोगटांच्या स्पर्धा, पगार चालले. आमच्या समितीला साठ हजार मिळाले, त्यावर जर्सी आल्या. तक्रार कोण करणार?

तक्रार करणारा टेबलाशी नसतो, ही मक्त्याची खरी खोड. खोत आणि सरकार यांच्या करारात कूळ कुठे होतं? २०१०च्या करारावर महासंघाची सही होती, पण ज्यांच्या खेळावर तो उभा होता त्या आय-लीगच्या क्लबांची नव्हती. त्याच वर्षी मुंबईचा महिंद्रा युनायटेड बंद झाला, पुढच्या वर्षी पंजाबचा जेसीटी. हे दोन्ही त्या करारामुळे झालं असं मी म्हणत नाही, त्यांची कारणं आधीची होती. पण २०१६मध्ये गोव्याच्या साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं, ते उघडपणे महासंघाच्या नव्या आराखड्याच्या निषेधात. आयएसएल वरची लीग होणार, तिच्यात खालून वर जायची वाट तेव्हा नव्हती. गोव्यात फुटबॉल म्हणजे गावाची गोष्ट, चर्चच्या अंगणात सुरू होऊन फातोर्ड्याला पोचणारी. त्या गावांपैकी कुणी काही विकलं नव्हतं, आणि तरी काही तरी विकलं गेलं होतं. पुढे कोविडच्या दोन मोसमांत आख्खी आयएसएल गोव्यातच, जवळजवळ पूर्णपणे प्रेक्षकांशिवाय खेळवली गेली, तेव्हा फातोर्ड्याला राहणाऱ्यालाही शेजारच्या मैदानातला सामना टीव्हीवरच बघावा लागला. तिथे कारण साथीचं होतं, पण मला त्यात पुढची एक खूण दिसली. खेळ कुठे होतो याला महत्त्व उरलं नव्हतं, त्याचं चित्र कुणाच्या हातात आहे याला होतं.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे, जी धंद्यात असताना मला कधी दिसली नाही. आपण 'प्रक्षेपणाचे हक्क' म्हणतो तेव्हा वाटतं की दाखवण्याचा हक्क विकला जातो आहे. दाखवायला हक्क कशाला लागतो? मैदानाच्या कडेला उभ्या बापाकडे फोन आहे, नेट आहे, तो दाखवतोच आहे. विकलं जातं ते इतरांना न दाखवू देणं. पस्तीस हजार दाखवण्याचे होते. वरचे पंचवीस हजार मनाईचे होते. आणि त्या मनाईचा मालक समिती कधी नव्हतीच. बापाने पोराकडे बघू नये हे विकायचा अधिकार तिला कुणी दिला?

कायद्याचं उत्तर तयार आहे. मैदानाचा ताबा आयोजकाकडे, प्रवेशाच्या अटी तो ठरवतो, त्यातून प्रक्षेपणाचा हक्क निघतो. पण आमचं मैदान सिडकोचं आहे, तिकीट नाही, कुंपण नाही, गुरंसुद्धा परवानगी न घेता येतात. आणि मुळात आपल्याकडे या प्रश्नाला दुसरी बाजू आहे. १९९३च्या हीरो कपच्या वेळी बंगाल क्रिकेट असोसिएशनने हक्क परदेशी कंपनीला दिले, सरकार आणि दूरदर्शन आडवे आले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी १९९५मध्ये न्यायालयाने सांगितलं की आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ती ना सरकारची खासगी, ना आयोजकाची. आणि माहिती देण्याच्या-घेण्याच्या स्वातंत्र्यात बघणाऱ्याचाही हक्क येतो. गंमत अशी की या निकालाचा व्यावहारिक फायदा आयोजकांना आणि खासगी वाहिन्यांना झाला. सरकारची मक्तेदारी गेली आणि हक्कांचा बाजार उभा राहिला. प्रेक्षकाचा हक्क निकालपत्रात राहिला. २००७च्या कायद्याने, राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर केलेल्या सामन्यांचं चित्र प्रसार भारतीला देणं बंधनकारक केलं, तेवढी एक खिडकी उघडी राहिली. जाहिरातीचा पैसा पंचाहत्तर टक्के हक्कधारकाचा, पंचवीस प्रसार भारतीचा. आमच्या नोडची लीग राष्ट्रीय महत्त्वाची नाही, हे मान्य.

मनाई नेहमीच वाईट असते असं नाही. इंग्लंडमध्ये आजही शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचे सामने थेट दाखवायला बंदी आहे. मोठ्या क्लबांचा खेळ घरी दिसला तर लोक गावातल्या छोट्या क्लबचं तिकीट काढणार नाहीत, ही त्यामागची भीती. ती भीती आजच्या काळात कितपत खरी हा वेगळा वाद. पण ही मनाई कुणासाठी आहे ते बघा. टेबलाशी नसलेल्यांसाठी. माझी चार उपकलमं कुणासाठी होती?

राजीखुशीच्या व्यवहाराचं सगळ्यात भक्कम समर्थन खेळातूनच आलेलं आहे. रॉबर्ट नोझिक या तत्त्वज्ञाने १९७४च्या आपल्या पुस्तकात बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनचं उदाहरण घेतलं. समजा दहा लाख लोक त्याचा खेळ बघायला येतात आणि प्रत्येक जण पंचवीस सेंट त्याच्या नावाच्या पेटीत टाकतो. मोसमाअखेर त्याच्याकडे अडीच लाख डॉलर. प्रत्येकाने राजीखुशीने दिले, तिसऱ्याचं काही गेलं नाही, मग तक्रार कसली? मला हे उदाहरण वर्षानुवर्षं बिनतोड वाटायचं. आता वाटतं की त्यात प्रेक्षक फार नशीबवान आहे. तो थेट पेटीपाशी उभा आहे. प्रक्षेपणात पेटी मक्तेदाराच्या हातात असते, आणि तो एकाकडून पैसे घेऊन दुसऱ्याला दार बंद करतो. नोझिकला उत्तर देताना जी. ए. कोहेन यांनी नेमकं हेच बोट ठेवलं होतं, की तिसऱ्याचं काही गेलं नाही हे गृहीत धरलं आहे, दाखवलेलं नाही. मस्कतच्या माणसाकडे व्यवहाराआधी काही तरी होतं, व्यवहारानंतर ते नव्हतं. एवढं साधं आहे.

पण मग प्रत्येक विक्रीत कुणाचं तरी काही जातं, असं म्हणून सगळंच थांबवायचं का? नाही. इथे मला जुना जॉन लॉक जास्त उपयोगी वाटतो. सतराव्या शतकातला हा माणूस खासगी मालकीचा मोठा पुरस्कर्ता, पण त्याने मालकीला एक मर्यादा घातली होती. सामाईकातून तेवढंच घ्यावं जेवढं सडण्याआधी वापरता येईल. फळं तोडून कुजवली तर ती तुझी नव्हती, दुसऱ्याच्या वाट्याची होती. पुढे पैसा आला, पैसा कुजत नाही, म्हणून लॉकची अट निरुपयोगी झाली असं म्हणतात. पण थेट सामन्याइतका नाशवंत माल जगात दुसरा नसेल. आमच्या मुलांची मॅच पन्नास मिनिटांची. एक्कावन्नाव्या मिनिटाला ती कुजलेली असते. नंतर हायलाइट्स टाकून काय उपयोग? बाप डबा बंद करून कामावर गेलेला असतो. ज्याने हक्क घेतला आणि दाखवलं नाही, त्याने फळ तोडून कुजवलं. आणि ज्याने 'दाखवलंच पाहिजे' न लिहिता हक्क दिला, त्याने फांदी वाकवून दिली.

उलव्यात राहणाऱ्याला हे कळायला लॉक कशाला लागतो, हा प्रश्न मला नंतर पडला. खारकोपर स्टेशनावरून घरी चालत येताना मला पत्र्याचं कुंपण घातलेले किती तरी रिकामे प्लॉट लागतात. काहींवर झुडपं माणसाच्या उंचीची. कुंपणाच्या आत कुणी राहत नाही, बाहेरच्याला जाता येत नाही. पंधरा वर्षांपूर्वी इथे नवीन राहायला आलेल्या आमच्यासारख्यांची मुलं त्यातल्या काहींवर क्रिकेट खेळायची. त्याआधी ती भातशेती होती, मिठागरं होती. १९७० साली सिडको आली, संपादन सुरू झालं, दर ठरले, आणि ज्यांची जमीन गेली त्यांना काही वर्षांनी शेजारच्या प्लॉटचा भाव ऐकू आला. जानेवारी १९८४मध्ये जासईच्या परिसरात गोळीबारात पाच शेतकरी गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना निघाली. त्या योजनेचं तत्त्व मला आता नव्याने दिसतं. किंमत चुकवून झाली तरी देणं संपत नाही. जे पुढे वाढणार आहे त्यात मूळच्या माणसाचा वाटा राहतो. करार लिहिणाऱ्याच्या भाषेत हा 'रेव्हेन्यू शेअर' आहे. तो कुणा सल्लागाराने सुचवलेला नव्हता.

आणि त्याच्याही आधी, याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी गावात शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ संप केला होता. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी, बाबासाहेब आंबेडकरांचा त्यांना पाठिंबा. संप म्हणजे काय, तर खोतांची जमीन कसायची नाही. सहा वर्षं जमीन ओसाड पडली आणि मालकी म्हणजे नेमकं काय हे सगळ्यांना उघड्या डोळ्यांनी दिसलं. कागद खोताकडे होता, पीक कुळाच्या हातात होतं. १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढे कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा आमच्याकडे आजोबांच्या पिढीने पोटतिडिकीने दिलेली आहे. त्यांच्या नातवंडांच्या मैदानात बसून मी असा कागद लिहिला, की न कसणाऱ्याचाही हक्क अबाधित राहावा. वाईट वाटतं ते याचं.

आता उलट बाजू, आणि ती कमी वजनाची नाही. खोताची उपमा एका ठिकाणी साफ मोडते. खोताला तोटा होत नसे. भारतीय फुटबॉलच्या मक्तेदाराने मैदानं उजळली, कॅमेरे आणले, परदेशी खेळाडू आणले, आणि हा धंदा फायद्यात चालला असं कुणीच म्हणत नाही. क्लब तर तोट्याचे आकडे उघडपणे सांगत आले आहेत. कुळाची मेहनत कुणी लुटून नेली असं इथे झालेलं नाही, पीकच पुरेसं आलं नाही. २०१८च्या जूनमध्ये अंधेरीच्या मैदानात भारताने तैवानला पाच-शून्य हरवलं, तेव्हा प्रेक्षक होते दोन हजार पाचशे एकोणसत्तर. सुनील छेत्रीला व्हिडिओ करून हात जोडावे लागले, 'शिव्या द्या, पण मैदानात या.' पुढच्या सामन्याला मैदान भरलं, ते त्या हात जोडण्यामुळे. ज्याची कुणी मागणी करत नाही त्याची मनाई कोण विकत घेणार? ७ नोव्हेंबरच्या शून्य बोलींचा एक अर्थ असाही आहे. जुना करार ८ डिसेंबरला संपला आणि तोवर मोसम सुरू झालेला नव्हता. जानेवारीत छेत्री, गुरप्रीत, झिंगन यांनी पुन्हा व्हिडिओ केला, या वेळी फिफाला साकडं घालायला. शेवटी १४ फेब्रुवारी २०२६ला मोसम सुरू झाला. चौदा संघ, प्रत्येकाशी एकदाच, एक्क्याण्णव सामने. आपली मनाई विकली जात नाही असं कळल्यावर खेळाडूला काय वाटत असेल, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो.

मोठी किंमत मिळवणं हेही वाटाघाटी करणाऱ्याचं पुण्य मानू नये. इंग्लंडच्या खालच्या तीन विभागांच्या फुटबॉल लीगने २०००मध्ये आयटीव्ही डिजिटलशी तीन वर्षांचा एकतीस कोटी पौंडांहून मोठा करार केला. क्लबांनी त्या भरवशावर खेळाडू घेतले, पगार वाढवले. २००२मध्ये कंपनी बुडाली, सतरा कोटी पौंडांहून अधिक येणं राहिलं. लीग कोर्टात गेली, तेव्हा लक्षात आलं की कार्ल्टन आणि ग्रॅनाडा या मालक कंपन्यांची हमी करारात नीट घेतलेलीच नव्हती. फ्रान्समध्ये २०१८मध्ये मीडियाप्रोने असाच विक्रमी आकडा मान्य केला आणि २०२०मध्ये करार सुरू होऊन काही महिन्यांतच हप्ता थकवला. दोन्हीकडे आकडा जाहीर झाला त्या दिवशी कुणाचा तरी सत्कार झाला असणार. माझ्या नारळासारखाच.

तर मग चूक कुठे? मला वाटतं ती 'अशील' या शब्दाच्या माझ्या समजुतीत होती. मी समितीचा प्रतिनिधी आहे, समितीचं हित बघणं हे माझं काम, असं मी धरलं. धंद्यात ते बरोबरही आहे. पण समिती तरी कुणाची प्रतिनिधी? ती त्या खेळाची तात्पुरती राखणदार आहे. तिच्याकडे जे आहे ते तिने निर्माण केलेलं नाही. मुलांच्या पायांनी, आयांनी धुतलेल्या मोज्यांनी, कडेला ओरडणाऱ्या बापांनी ते केलं आहे. राखणदाराला भाड्याने देता येतं, पण भाडेकरूने घर बंद ठेवून चावी खिशात घालावी अशी मुभा देता येत नाही. महासंघालाही हेच लागू आहे, फक्त तिथे पंधरा वर्षांची चावी होती. पंधरा वर्षं म्हणजे खेळाडूच्या आख्ख्या पिढीची कारकीर्द. कधी कधी वाटतं, मुदत हाच नैतिक प्रश्न आहे, बाकी सगळी रक्कम.

डिसेंबरात मी चॅनलवाल्याकडे गेलो. तो काही खलनायक नाही. दोन कॅमेरे कर्जावर घेतलेले, बायको थंबनेल बनवते, क्रिकेटच्या मोसमात चार पैसे मिळतात ते पावसाळ्यात संपतात. तो म्हणाला, "साहेब, तुम्हीच विचारलंत ना, एक्सक्लुझिव्ह दिलं तर काय? मी मागितलं होतं का?" मी गप्प बसलो. मग आम्ही नवं कलम लिहिलं. एखादी मॅच सुरू होऊन पाच मिनिटांत त्याचं प्रक्षेपण सुरू झालं नाही, तर त्या मॅचपुरता हक्क परत समितीकडे, आणि मैदानात असलेला कुणीही दाखवू शकेल. त्याच्या बदल्यात त्याने उरलेल्या मोसमासाठी पंधरा हजार कमी केले. मला ते रास्त वाटलं. त्याने मनाई घेतली होती, मी तिच्यातला एक तुकडा परत घेत होतो.

समितीला ते रास्त वाटलं नाही. खजिनदार मला वहिनी म्हणवून घेणाऱ्या एक कडक बाई आहेत, बँकेत असतात. त्या म्हणाल्या, "एका माणसाच्या फोनसाठी तीस मुलांचे बूट गेले." हे अगदी बरोबर आहे, मी त्याला उत्तर दिलेलं नाही. चाळीस-पन्नास प्रेक्षकांसाठी पंधरा हजार, आणि त्यातले परदेशातून बघणारे किती, तर तीन. मी मोजले.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी त्या मुलाची मॅच होती. चॅनलवाला आला नव्हता. पाच मिनिटं झाली, तसा दुसऱ्या खेळाडूच्या वडिलांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, त्यांनी फोन काढला. डोक्यावरून विमान गेलं, नव्या विमानतळाचं, पोरं अजून वर बघतात. मुलाचा संघ एक गोल खाऊन मागे होता. फोनच्या कोपऱ्यात प्रेक्षकांचा आकडा दोनचा तीन झाला. वहिनी पलीकडच्या बाजूला खुर्चीवर बसून पावतीपुस्तक भरत होत्या. मध्यंतरात त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "पंधरा हजारांचं काय ते मार्चच्या आत सांगा."